चालणारं घड्याळ सर्व्हिसला का द्यायचं

“ताई, चालतंय की! मग उघडायचं कशाला?”

सांगलीत मी घड्याळं दुरुस्त करते, आणि माझ्या टेबलासमोर बसलेला जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो. घड्याळ जितकं महाग, तितका हा प्रश्न ठाम. बॅटरीच्या घड्याळांनी आपल्याला सवयच लावली आहे, बंद पडलं की सेल बदलायचा आणि चालू झालं की विसरून जायचं. चावीच्या किंवा ऑटोमॅटिक घड्याळाला हा हिशेब लागू होत नाही. ते कोरडं पडल्यावरही चालतं आणि झिजत असतानाही चालतं. ज्या दिवशी थांबतं, त्या दिवशी सर्व्हिसिंगची वेळ कधीच टळून गेलेली असते. काउंटरवर हे सगळं नीट सांगून होत नाही, म्हणून एकदा लिहून काढते आहे.

तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदारांचं घड्याळ घ्या. रोलेक्स डेटजस्ट, नव्वदच्या दशकातलं, दुबईला असलेल्या थोरल्या भावानं दिलेलं. आत ३१३५ नंबरचं मशीन. रोलेक्सनं ते १९८८ मध्ये आणलं, आणि घड्याळाचे कारागीर आजही त्याचं नाव आदरानं घेतात, इतकं ते दणकट आहे. भावानं दिल्यापासून ते एकदाही उघडलेलं नव्हतं. तक्रार एवढीच, की रात्री काढून ठेवलं तर सकाळी बंद असतं.

पूर्ण चावी देऊन टायमिंग मशीनवर, म्हणजे ठोके ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवलं. डायल वर असताना ॲम्प्लिट्यूड १९० च्या आसपास. बॅलन्स व्हील, म्हणजे पुढं-मागं झुलून वेळ राखणारं चाक, मधल्या जागेपासून एका बाजूला किती अंश फिरतं, त्याचा हा आकडा. सुदृढ मशीनला तो २७० ते ३०० दिसायला हवा. वेळ मात्र फारशी चुकत नव्हती, दिवसाला थोडे सेकंद मागं पडत होतं, बस. त्यामुळे मालकांना काळजी वाटण्याचं कारणच नव्हतं.

“दादा, ट्रॅक्टरचं ऑईल कधी बदलता?”

“तास भरलं की.”

“बंद पडायची वाट बघत नाही?”

“बंद पडल्यावर बदलून काय उपेग?”

यापुढे मला फार समजवावं लागलं नाही.

या मशीनचा बॅलन्स तासाला २८,८०० ठोके देतो, म्हणजे सेकंदाला आठ. दिवसाचे ६,९१,२०० होतात, वर्षाचे २५ कोटींच्या वर. ज्या टोकांवर तो फिरतो, त्यांना आम्ही पिव्हट म्हणतो. त्यांची जाडी माणसाच्या केसाच्या आसपास असते. ही पोलादी टोकं कृत्रिम माणकाच्या खड्यात फिरतात आणि दोघांच्या मधे नुसत्या डोळ्याला न दिसणारं तेल असतं. ते तेल कायमचं तिथं राहत नाही. थोडं उडून जातं, थोडं पसरतं, थोडं घट्ट होतं. मग पोलाद थेट माणकावर घासायला लागतं. माणिक कठीण, त्यामुळे झीज पोलादाची होते. त्याची पूड उरल्यासुरल्या तेलात मिसळून काळी लुगदी तयार होते आणि पुढची झीज ती लुगदीच करते. हे सगळं चालू असताना काटे फिरतच असतात.

दादांच्या घड्याळाचं मागचं झाकण उघडलं तर ब्रिजवर, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या पट्टीवर, अर्धगोल ओरखडे. ३१३५ चा रोटर, म्हणजे हात हलला की फिरून चावी देणारं वजन, बॉल बेअरिंगवर नाही, एका बारीक आसावर फिरतो. तो आस कोरडा पडून झिजला की रोटर एका बाजूला झुकतो आणि खालच्या भागावर घासायला लागतो. धातूचा बारीक कीस मशीनभर पसरलेला होता. वेळेवर उघडलं असतं तर सफाई आणि तेलात भागलं असतं. आता पार्ट लागणार होते. पुढचं काम मी केलं नाही. कारण पार्टांची गोष्ट येईल तेव्हा सांगते.

किती वर्षांनी सर्व्हिस करायची? रोलेक्स आपल्या आजच्या घड्याळांसाठी साधारण दहा वर्षं सांगते, ओमेगा पाच ते आठ. आपल्याकडची धूळ, घाम आणि चार महिन्यांची दमट हवा बघता, रोज हातात असणारं घड्याळ मी सहा-सात वर्षांच्या पुढं जाऊ देत नाही. आजोबांच्या काळातलं असेल तर त्याहून लवकर. पण तारखेपेक्षा माझा भरवसा मोजमापावर आहे. वर्षातून एकदा टायमिंग मशीनवर ठेवायला दहा मिनिटं लागतात, त्यासाठी घड्याळ उघडावंही लागत नाही. ॲम्प्लिट्यूड दर वर्षी थोडा थोडा उतरतोय असं दिसलं की वेळ झाली.

आता सर्व्हिसिंग म्हणजे नेमकं काय करतात ते. मागचं झाकण काढून, मशीन न खोलता वरून तेलाचे थेंब सोडणं आणि झाकण लावून काच पुसून देणं, याला बऱ्याच ठिकाणी सर्व्हिसिंग म्हणतात. यानं घड्याळ काही महिने खुशीत चालतं, आणि त्या काही महिन्यांची किंमत पुढं पिव्हट चुकवतात. जुन्या काळ्या लुगदीत नवं तेल घातलं की ती पातळ होऊन आणखी आत पोचते. तेल हेअरस्प्रिंगवर, म्हणजे बॅलन्सला झुलवणाऱ्या केसासारख्या स्प्रिंगवर, गेलं तर तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पळत सुटतं.

खरं काम असं असतं. आधी घड्याळ डायल वर, डायल खाली, मग चावी चारी दिशांना, अशा सहा अवस्थांत मोजून आकडे लिहून घ्यायचे. उघडल्यावर पहिल्यांदा मेनस्प्रिंगचा, म्हणजे चावीनं ताणल्या जाणाऱ्या मुख्य स्प्रिंगचा, जोर हळूहळू उतरवायचा. तो न उतरवता पॅलेट, म्हणजे चाकांना ठोक्याठोक्याला अडवून सोडणारा तुकडा, काढायला गेलं तर सगळी चाकं एका क्षणात भिरभिरतात आणि दाते किंवा पिव्हट तुटतात. मग काटे, डायल, बॅलन्स, पॅलेट, चाकं, बॅरल म्हणजे मेनस्प्रिंगची डबी. प्रत्येक टप्प्याला फोटो. स्क्रू दिसायला सारखे असले तरी लांबी वेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागी बसवला तर तो खालच्या चाकाला टेकतो, म्हणून ज्याचा स्क्रू त्याच्याच शेजारी ठेवायचा.

धुताना एक गोष्ट फार जपावी लागते. पॅलेट फोर्कवर माणकाचे दोन छोटे खडे असतात. घड्याळाचा जो टिकटिक आवाज आपण ऐकतो, तो एस्केप व्हीलचे दाते या खड्यांवर आपटल्याचा. हे खडे स्वित्झर्लंडच्या उत्तमोत्तम घड्याळांतही पारंपरिक पद्धतीनं शेलॅकनं बसवलेले असतात. शेलॅक म्हणजे शुद्ध केलेली लाख. आपल्याकडं पळस, बोर, कुसुमच्या झाडांवर किडे जी लाख करतात तीच. कोल्हापुरी साजाच्या मण्यांच्या आत असते तीही हीच. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. त्यामुळे घाईत सगळे भाग स्पिरिटमध्ये टाकले तर घड्याळ स्वच्छ होतं, पण खडे सैल होतात. मी पॅलेट नेहमी वेगळा धुते. लाखो रुपयांच्या घड्याळाचं काळीज झारखंडच्या जंगलातल्या एका किड्याच्या लाखेवर टिकून आहे, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

धुतल्यावर प्रत्येक पिव्हट भिंगाखाली तपासायचा. मेनस्प्रिंग जुनी असेल तर बदलायची. मग तेल. एका घड्याळाला एकच तेल पुरत नाही. जोरात फिरणाऱ्या बारीक पिव्हटना पातळ, हळू फिरणाऱ्या जड भागांना जाड, पॅलेटच्या खड्यांना वेगळं ग्रीस, चावीच्या यंत्रणेला आणखी वेगळं. मोबियस कंपनीची तेलं त्यांच्या नंबरांवरूनच आम्ही ओळखतो. बॅलन्सच्या खड्यांना ९०१०, पॅलेटच्या खड्यांना ९४१५. खड्याची वाटी अर्ध्याहून थोडी जास्त भरेल एवढंच तेल घालायचं. वाटी काठोकाठ भरली तर तेल बाहेर ओढलं जातं आणि खडा काही दिवसांत कोरडा होतो. म्हणजे जास्त तेलाचा शेवटही कोरडेपणातच होतो. कुठं तेल घालायचं नाही हे माहीत असणंही तितकंच महत्त्वाचं. चाकांच्या दात्यांना घालत नाहीत. पॅलेटच्या पिव्हटलाही सहसा घालत नाहीत.

हे सगळं मी दोन ठिकाणी शिकले. आधी अण्णांकडं, म्हणजे वडिलांकडं, आणि मग पुण्यात एका परदेशी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काही वर्षं काम करून. अण्णांचा हात एचएमटीवर बसलेला. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळुरूत एचएमटीचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला, आणि पुढची कित्येक वर्षं मध्यमवर्गीय घरात लग्नात जावयाला दिलं जाणारं घड्याळ म्हणजे एचएमटीच. १७ ज्वेलचं, म्हणजे माणकाच्या १७ खड्यांचं, तासाला १८,००० ठोक्यांचं साधं, सरळ मशीन. अण्णा ते व्हाइट पेट्रोल आणि ब्रशनं धुवायचे. टायमिंग मशीन त्यांच्याकडं नव्हतं. घड्याळ कानाला लावून ठोका लंगडतोय का ते ओळखायचे. पुण्याहून मी मशीन आणल्यावर त्यांनी कानानं जुळवलेली घड्याळं त्यावर ठेवून बघितली. बीट एरर, म्हणजे टिक आणि टॉक यांच्या वेळेतला फरक, अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत यायचा. त्याहून चांगलं मी मशीन समोर ठेवूनही फार कमी वेळा करते.

महाग घड्याळाचं काम आणि एचएमटीचं काम यांत मूळ फरक नाही, असं अण्णा म्हणतात. मला ते पटतं. ओमेगाच्या को-ॲक्सियल मशीनसारखी काही वेगळी रचना सोडली, तर तेच बॅरल, तीच चाकं, तोच पॅलेट. फरक आहे तो मोकळ्या जागेचा. महाग मशीनमध्ये भाग इतके नेमके बसवलेले असतात की एका तंतूनंही फरक पडतो. म्हणून माझ्या टेबलावर पंखा नाही, उन्हाळ्यातही नाही.

सांगलीत घड्याळांत काय सापडतं, हा एक वेगळाच विषय आहे. मार्केट यार्डातल्या हळदीच्या व्यापाऱ्यांची घड्याळं मी न विचारता ओळखते. धातूच्या पट्ट्याच्या कड्यांत, झाकणाच्या खाचेत आणि चावीच्या मुळाशी पिवळी पूड साठलेली असते. घाम मिसळला की ती घट्ट बसते आणि कड्यांच्या पिना आतून कुरतडत राहते. पट्टा लोंबायला लागला की लोक कडी काढून तो लहान करून घेतात. दर काही महिन्यांनी पट्टा कोमट पाण्यात, साबणाचा थेंब टाकून, मऊ ब्रशनं धुतला तर तो वर्षानुवर्षं घट्ट राहतो. पट्टा घड्याळापासून वेगळा करूनच धुवा.

पाण्याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण आमच्या गावाला पाणी काय करतं ते माहीत आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमचं जुनं दुकान पेठेत होतं. अण्णांची हत्यारं आणि गिऱ्हाइकांची घड्याळं आम्ही वेळेत वर नेली होती, टेबल मात्र गेलं. पाणी उतरल्यावर लोक घर धुवायला लागले आणि कपाटं उघडली तशी घड्याळं यायला लागली. रुमालात बांधलेली, स्टीलच्या डब्यातली, आणि कितीतरी तांदळात खुपसलेली.

तांदळानं काही होत नाही, हे इथं स्पष्ट सांगते. बंद केसच्या आतलं पाणी बाहेरचे तांदूळ ओढून घेऊ शकत नाहीत. उलट त्यांची पीठी चावीच्या फटीत जाते आणि मोलाचे दिवस वाया जातात. पुराचं पाणी नुसतं पाणी नसतं, त्यात गाळ असतो. पोलादावर गंज चढायला काही तास पुरतात. तो सुरू होतो चावीच्या दांड्यापासून, कारण पाणी बहुतेक तिथूनच शिरतं. मग सेटिंगच्या स्प्रिंगा, मग बाकीची चाकं, आणि शेवटी हेअरस्प्रिंग. तिच्यावर गंजाचा ठिपका पडला की ती मी वाचवत नाही, बदलते. घासून साफ केलेल्या जागी ती पातळ होते आणि घड्याळ पुन्हा कधी नीट वेळ देत नाही.

त्या दिवसांत आम्ही रांग लावली नाही. येईल ते घड्याळ आधी उघडायचं, काटे-डायल काढायचे, बॅलन्स वेगळा करायचा आणि मशीन झाकणाच्या बरणीत व्हाइट पेट्रोलमध्ये बुडवून ठेवायचं, म्हणजे हवा आणि पाणी दोन्हीपासून सुटका. सावकाश दुरुस्ती नंतर. ही युक्ती अण्णांची, २००५ च्या पुरातली. क्वार्ट्झ म्हणजे बॅटरीच्या घड्याळांची सर्किटं बहुतेक गेली. एचएमटी मोठ्या संख्येनं वाचल्या, कारण त्यांचे पार्ट अण्णांनी पोती भरून जपलेले होते.

त्यांत एक ओमेगा सीमास्टर होतं, साठच्या दशकाच्या अखेरचं, ५६५ नंबरचं मशीन. तांब्याच्या रंगाचा मुलामा असलेलं, २४ ज्वेलचं, तासाला १९,८०० ठोक्यांचं. माझ्या दृष्टीनं हाताखाली यावं तर असं मशीन. खोलताना प्रत्येक भाग आपण होऊन हातात येतो, कुठं जोर लावावा लागत नाही. मशीन पूर्ण वाचलं, चावीचा दांडा तेवढा बदलावा लागला. डायलवर मात्र खालच्या बाजूला पाण्याची तपकिरी रेघ राहिली. मालकीणबाई मिरजेच्या निवृत्त शिक्षिका, घड्याळ त्यांच्या वडिलांचं. नातेवाइकांनी डायल नव्यानं रंगवून घ्या म्हणून आग्रह धरला. मी नको म्हटलं, त्यांनाही तेच हवं होतं.

रंगवलेल्या डायलबद्दल माझं मत पक्कं आहे. नव्यानं छापलेलं नाव कितीही सफाईनं छापलं तरी भिंगाखाली अक्षरांच्या कडा जाड दिसतात, तासांच्या खुणा किंचित सरकलेल्या असतात. जुन्या स्विस घड्याळांत जगभरचे शौकीन पहिल्यांदा डायल बघतात, आणि रंगवलेली असेल तर किंमत निम्म्याहूनही खाली येऊ शकते. शिवाय जुन्या डायलवर रात्री चमकणारा जो पदार्थ असतो, तो साठच्या दशकापर्यंत पुष्कळदा रेडियम असायचा. त्याची चमक मेली तरी किरणोत्सर्ग मरत नाही. तो घरी खरवडू नये, त्याची पूड श्वासात जाऊ देऊ नये. अशी घड्याळं मी उघडते तेव्हा डायल लगेच झाकणाच्या डबीत ठेवते आणि तिला हात लावत नाही.

पॉलिशचंही तसंच. “लग्न आहे, नव्यासारखं चमकवून द्या” म्हणतात. बफिंगच्या प्रत्येक फेरीत केसवरचा धातू जातो, परत येत नाही. पट्टा जिथं अडकतो त्या कोपऱ्यांच्या धारदार कडा गोल होतात, ब्रशचं आणि आरशाचं फिनिश जिथं मिळतं ती सरळ रेघ पुसट होते. मी लोकांना दोन फोटो दाखवते, एकाच मॉडेलचे, एक न घासलेलं आणि एक दर सर्व्हिसला घासलेलं. मग ते आपणच म्हणतात, राहू दे.

आता पार्ट. रोलेक्स आपले पार्ट माझ्यासारख्या स्वतंत्र कारागिराला विकत नाही. ओमेगा, लाँजिन, टिसो ज्या स्वॉच ग्रुपच्या आहेत, त्यांनीही २०१५ च्या अखेरीस घाऊक विक्रेत्यांना सुटे पार्ट देणं थांबवलं. कंपन्या म्हणतात, काम दर्जेदार व्हावं म्हणून. मला हे अन्यायाचं वाटतं. ज्याला काम येतं त्याची परीक्षा घ्या, हत्यारं तपासा, टेबल तपासा, आणि पार्ट द्या. आजोबांचं घड्याळ नातवाला चालू ठेवायचं असेल तर तो हक्क त्याचा आहे, आणि गावात कारागीर टिकला पाहिजे. पार्ट बंद झाले की बाजारात नकली पार्ट येतात. ते दिसायला तसेच असतात, पण माप मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यानं चुकतं आणि शेजारचा अस्सल भागही खातात.

म्हणून मी काही कामं घेत नाही. दादांच्या रोलेक्सला रोटरचा आस हवा होता. नकली आस मिळत होता. मी झाकण बंद केलं, आकडे आणि फोटो कागदावर लावून दिले आणि मुंबईच्या अधिकृत सर्व्हिसला पाठवायला सांगितलं. जाताना सांगून ठेवलं, केसला पॉलिश नको असेल तर तसं लेखी द्या. महाग घड्याळ हाताळणाऱ्याला ‘हे माझ्याकडं होणार नाही’ असं म्हणता आलंच पाहिजे. सफाई, तेल, गॅस्केट, ॲडजस्टमेंट, जुन्या मशीनचे पार्ट, एवढं मी मनापासून करते.

गॅस्केट म्हणजे झाकण, काच आणि चावी यांतल्या रबरी कड्या. पाणी अडवायचं काम यांचंच. उन्हानं, घामानं, साबणानं त्या कडक होतात आणि सपाट होतात. डायलवर १०० मीटर लिहिलेलं असलं तरी ते नव्या गॅस्केटच्या भरवशावर. ३० मीटर लिहिलं असेल तर हात धुताना उडालेलं पाणी चालेल, पोहणं नाही. काम झाल्यावर मी घड्याळ आधी हवेच्या दाबाखाली तपासते. मग ते थोडं गरम करून काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवते. थेंब पुसल्यावर आतून धुकं राहिलं तर आत दमटपणा आहे. पाऊस सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यात, ही तपासणी करून घ्यावी.

आणि कधी काचेच्या आत धुकं दिसलंच, तर चावी ओढू नका, हेअर ड्रायर मारू नका, घड्याळ हलवत बसू नका. त्याच दिवशी उघडून घ्या.

मिरजेतले एक रेडिऑलॉजिस्ट डॉक्टर आले होते. घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढं जायला लागलं. त्यांना वाटलं एमआरआय मशीननं घोटाळा केला. पण ते घड्याळ त्या खोलीत कधी गेलंच नव्हतं. रोज रात्री ते ज्या टॅबलेटच्या कव्हरवर ठेवलं जायचं, त्या कव्हरला चुंबक होतं. चुंबकत्व आलं की हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांकडं ओढले जातात, स्प्रिंग आखूड झाल्याप्रमाणे वागते आणि घड्याळ धावतं. डिमॅग्नेटायझरवर, म्हणजे चुंबकत्व काढणाऱ्या यंत्रावर, ते काही सेकंदांत बरं झालं, त्याचे मी पैसेही घेत नाही. रोलेक्सनं प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी १९५६ मध्ये हजार गॉस (गॉस हे चुंबकाच्या जोराचं माप) सोसणारं मिलगाउस काढलं होतं. आता ओमेगाची मास्टर क्रोनोमीटर घड्याळं १५,००० गॉस सोसतात, म्हणजे दवाखान्यातल्या १.५ टेस्लाच्या एमआरआय एवढं. तुमचं घड्याळ त्यांतलं नसेल तर फोनचं कव्हर, स्पीकर, पर्सचं चुंबकी बटण यांच्यापासून ते हातभर लांब ठेवा.

बाकी सवयींचं थोडक्यात. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या मधे तारीख बदलू नका, तेव्हा तारखेची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात आणि जबरदस्तीनं दाता तुटतो. स्क्रूसारखी फिरवून बंद होणारी चावी प्रत्येक वेळी पूर्ण बसवा, पण आवळू नका. क्रोनोग्राफची, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळाची, बटणं ओल्या हातानं दाबू नका. चावीचं घड्याळ रोज ठरावीक वेळी, हातातून काढून चावी द्या. हातात असताना दांड्यावर तिरका जोर येतो. लॉकरमध्ये पडून असलेलं घड्याळ सर्व्हिसशिवाय एकदम रोज वापरायला काढू नका, तेल पडून राहिलं तरी जुनं होतंच.

शेवटी, कुणाकडंही घड्याळ द्याल, माझ्याकडं किंवा मुंबईला, तर काही गोष्टी मागून घ्या. पावतीवर केसचा सिरियल नंबर लिहून घ्या. आत काय आहे ते तुमच्या समोर झाकण उघडून दाखवायला सांगा आणि फोटो काढा. कामाच्या आधीचे आणि नंतरचे टायमिंग मशीनचे आकडे मागा, सगळ्या अवस्थांतले. पूर्ण चावी असतानाचे आणि चोवीस तासांनंतरचेही. कोणता पार्ट बदलला, तो अस्सल आहे का, कुठून आणला, हे विचारा. चांगल्या कारागिराला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि काढलेले जुने पार्ट छोट्या पुडीत घालून परत मागा. झिजलेला पिव्हट एकदा भिंगाखाली आपल्या डोळ्यांनी बघा, मी माझं भिंग देते.